दंडावरचा बिल्ला

मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या, एके काळी निजाम सरकारच्या मालकीच्या असलेल्या लोहमार्गावर मुदखेड आणि धर्माबाद यांच्या दरम्यान उमरी नावाचे जे स्थानक लागते, त्या गावाचे नाव तेथील बँकेवर ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी घातलेल्या धाडीमुळे हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. दिल्लीत गांधीजींचा वध झाला तोही हाच दिवस. त्या वर्षी या मुलखातील रयतेच्या डोळ्यांसमोरून जितके गणवेश गेले तितके त्यापूर्वी किंवा त्यानंतर क्वचितच गेले असतील. निजामाची कवायती फौज होती, पोलीस होते, लातूरच्या कासिम रझवी नामक वकिलाच्या हुकमतीखालील रझाकार होते, आणि सप्टेंबरच्या तेराव्या तारखेपासून चार-पाच दिवसांत चहूकडून आत शिरलेले भारतीय लष्करही होते. यांतील बहुतेकांचा पोशाख खाकी किंवा खाकीच्या शेजारच्या एखाद्या रंगाचा असल्यामुळे लांबून पाहणाऱ्यास माणूस कोणाचा हे उमगणे कठीण जाई, आणि ते वेळेवर उमगण्यावर कित्येकदा त्याचा जीव अवलंबून असे.

मराठवाड्याच्या दृष्टीने सप्टेंबर १९४८ मध्ये आलेली फौज ही मुक्तीची फौज होती, आणि जित राष्ट्राच्या छाताडावर बसलेल्या परकी सैन्याशी तिची बरोबरी करण्याचा माझा मुळीच मानस नाही. परंतु एखाद्या प्रदेशात नव्याने दाखल झालेल्या सैन्याच्या अंगावरील कापडावरून, धातूवरून आणि दोऱ्यावरून ती तुकडी कोणती, ती कोठून आली आणि छायाचित्र कोणत्या सालचे, हे ओळखण्याचे जे शास्त्र आहे ते दोन्हीकडे एकच आहे. त्याचा परिपाठ ज्या सैन्याच्या संदर्भात सर्वांत तपशीलवार रचला गेला ते सैन्य म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी, ऑस्ट्रिया, जपान आणि कोरिया यांच्यावर अंमल बसवणारे अमेरिकेचे सैन्य होय. म्हणून आधी तिकडे वळणे सोयीचे.

अमेरिकन शिपायाच्या डाव्या दंडावर, खांद्याच्या शिवणीखाली अर्ध्या इंचावर, भरतकाम केलेला जो रंगीत कापडी बिल्ला दिसतो त्याचा जन्म पहिल्या महायुद्धातला. १९१८ साली ८१ व्या डिव्हिजनच्या शिपायांनी दक्षिण कॅरोलिनातील आपल्या छावणीजवळच्या वाइल्डकॅट नावाच्या ओढ्यावरून रानमांजराचे चित्र दंडावर लावून फ्रान्सची वाट धरली. इतर डिव्हिजनांनी या आगाऊपणाविषयी कुरकुर केली. प्रकरण सरसेनापती पर्शिंग यांच्यापर्यंत गेले. आणि बिल्ला उतरवण्याचा हुकूम निघण्याऐवजी सर्वच डिव्हिजनांनी आपापले बिल्ले ठरवावेत असा हुकूम निघाला. लष्करी शिस्तीत तक्रारीचा निकाल तक्रारदारासही लाभदायक ठरल्याची उदाहरणे फार नाहीत, त्यांपैकी हे एक.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस या एका बिल्ल्याचे दोन झाले. डाव्या दंडावर शिपाई सध्या ज्या तुकडीत चाकरीला आहे तिचा, आणि उजव्या दंडावर युद्धात तो ज्या तुकडीबरोबर होता तिचा, असा शिरस्ता १९४५ पासून रूढ झाला. हा शिरस्ता ज्यास ठाऊक नाही तो हटकून चुकतो. कारण छायाचित्रात जी बाही कॅमेऱ्याकडे असेल तीच त्यास दिसते, आणि उजवी दिसली तर तो शिपायाचा भूतकाळ त्याच्या वर्तमानकाळाच्या जागी नोंदवून मोकळा होतो. ब्रिटिश आणि त्यांच्या धर्तीवर चालणाऱ्या हिंदी लष्करात मात्र डिव्हिजनचे चिन्ह दोन्ही दंडांवर सारखेच लावीत. तेव्हा बाहीवरील बिल्ल्यावरून निष्कर्ष काढण्यापूर्वी बाही डावी की उजवी, हा पहिला प्रश्न. आणि त्याच्याही आधी छायाचित्र सरळ छापले आहे की उलट, हा त्याहून पहिला. काचेवर अथवा फिल्मवर घेतलेली प्रतिमा छापताना उलटली की डाव्याचे उजवे होते. याची परीक्षा सोपी आहे. पदकांच्या फिती नेहमी डाव्या छातीवर असतात आणि पुरुषी कोटाचा डावा पदर उजव्यावर येतो. यांपैकी काही विपरीत दिसले तर दोष शिपायाचा नसून छापणाऱ्याचा समजावा.

जपानवर अंमल बसवणाऱ्या अमेरिकन फौजेतील बिल्ले पाहू गेल्यास मराठी वाचकास एक ओळखीची वस्तू अनपेक्षितपणे भेटते. ती म्हणजे अळूचे पान. हवाई बेटांवर अळू हे मुख्य अन्न. तेथे तैनात असलेल्या अमेरिकन डिव्हिजनने तेच पान आपले चिन्ह म्हणून घेतले. आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये, म्हणजे पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या जेमतेम दोन महिने आधी, त्या डिव्हिजनची विभागणी होऊन २४ वी आणि २५ वी अशा दोन पायदळ डिव्हिजना झाल्या तेव्हा वडिलोपार्जित पानाचीही वाटणी झाली. २४ वीच्या वाट्याला तांबड्या वर्तुळातील हिरवे पान आले. २५ वीने पान तांबडे केले, त्यास पिवळी कड दिली आणि मधोमध पिवळी वीज उभी केली. दोघींचे मूळ एक, दोघीही जपानच्या अंमलात, एक दक्षिणेकडील क्युशू बेटावर आणि दुसरी ओसाकाच्या परिसरात. त्यामुळे काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात दोघींची गल्लत होणे स्वाभाविक. रंग दिसत नसतील तर वर्तुळ आहे की नुसतेच पान, आणि पानाच्या मध्ये विजेचा नागमोडी पट्टा आहे की नाही, एवढे दोन प्रश्न विचारले म्हणजे निकाल लागतो.

१ ली कॅव्हलरी डिव्हिजन सप्टेंबर १९४५ मध्ये तोक्योत शिरली. घोडे केव्हाच गेले होते, तरी ती आपला ढालीच्या आकाराचा पिवळा बिल्ला मिरवीत होती. त्यावर एक काळा तिरपा पट्टा आणि घोड्याचे मस्तक. हा बिल्ला इतरांच्या मानाने इतका मोठा आहे की त्याच्या नुसत्या आकारावरूनच तो ओळखू येतो. ३० ऑगस्ट १९४५ रोजी आत्सुगीच्या विमानतळावर उतरलेल्या ११ व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या निळ्या ढालीवर पंख असलेले तांबडे वर्तुळ आणि त्यात अकराचा आकडा. या सर्वांच्या वर आठवी आर्मी; जानेवारी १९४६ पासून साऱ्या जपानचा लष्करी अंमल तिच्याकडे होता आणि तिचे मुख्यालय योकोहामात होते. तिचा बिल्ला तांबड्या अष्टकोनावर चार पाकळ्यांसारखी पांढरी आकृती असा आहे. शेजारच्या कोरियात ७ वी पायदळ डिव्हिजन होती. तांबड्या वर्तुळात एक सातचा आकडा सुलटा आणि एक उलटा असे जोडून झालेली काळी घटिका ही तिची खूण.

जर्मनीत प्रकार थोडा निराळा घडला. युद्ध चालू असताना आयसेनहॉवरच्या सर्वोच्च मुख्यालयाचा बिल्ला काळ्या ढालीवर ज्वाळांनी वेढलेली तलवार आणि वर इंद्रधनुष्य असा होता, आणि त्यातील काळा रंग नाझी जुलमाचा अंधार सुचवी असे सांगण्यात येई. युद्ध संपल्यावर अंधार ठेवून चालणार नव्हते. म्हणून युरोपातील अमेरिकन फौजेने तोच बिल्ला घेऊन पार्श्वभूमी तेवढी निळी केली. म्हणजे रंगीत छायाचित्र असेल तर काळी ढाल की निळी ढाल एवढ्यावरून युद्ध आणि युद्धोत्तर यांची सीमारेषा सापडते. काळ्या-पांढऱ्यात मात्र ही खूण बहुधा हरपते. १ जुलै १९४६ रोजी त्या प्रदेशात अमेरिकनांनी कॉन्स्टॅब्युलरी नावाचे एक निमपोलिसी दल उभे केले. त्याचा बिल्ला पिवळ्या वर्तुळात निळे सी अक्षर आणि त्यास छेदणारी तांबडी वीज असा. गळ्यात पिवळा रुमाल, डोक्यावरच्या शिरस्त्राणावर पिवळे-निळे पट्टे. पराभूत जर्मनांवर छाप पाडण्याचा हा सरळ सरळ बेत होता. आपल्याकडील संस्थानी स्वाऱ्यांचा थाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता एका काल्पनिक छायाचित्राचे वाचन प्रत्यक्ष करून पाहू, म्हणजे या विद्येचा कस कळेल. आखूड कोट घातलेला एक अमेरिकन शिपाई उभा आहे. डाव्या दंडावर अष्टकोन. म्हणजे तो सध्या आठव्या आर्मीच्या मुख्यालयाशी अथवा तिच्या थेट हुकमतीखालील एखाद्या तुकडीशी निगडित. उजव्या दंडावर वर्तुळातील अळूचे पान, वीज नाही. म्हणजे लढाईत तो २४ व्या डिव्हिजनबरोबर, बहुधा फिलिपिन्सकडे, होता. डाव्या बाहीच्या खालच्या टोकाशी चार आडव्या बारीक फिती. यातील प्रत्येक फीत परदेशातील सहा महिन्यांच्या नोकरीची, तेव्हा चार म्हणजे दोन वर्षे. दंडावरील हुद्द्याच्या फितींखाली टी हे अक्षर आहे. हा तांत्रिक कामगारांचा हुद्दा १९४८ साली बंद झाला आणि त्याच साली हुद्द्याच्या फितींचा आकारही लहान करण्यात आला, म्हणून हे छायाचित्र त्याआधीचे. छातीवर काळ्या आणि तांबड्या रंगाची, कडेला पांढऱ्या रेघा असलेली फीत आहे. ती ताबेदार सैन्यासाठी १९४६ मध्ये निर्माण केलेल्या पदकाची. या पदकाच्या एका बाजूस ऱ्हाइन नदीवरील रेमागेनचा पूल आणि दुसऱ्या बाजूस फुजी पर्वत कोरलेला आहे, आणि ते मिळण्यास त्या देशात सलग तीस दिवस चाकरी पुरे होत असे. म्हणजे नाव, गाव, पत्र काहीही हाती नसताना आपण त्या माणसाची चाकरी, त्याचा पूर्वेतिहास आणि छायाचित्राचा काळ दोन वर्षांच्या कक्षेत आणून ठेवला. तो कोणत्या रेजिमेंटचा हे मात्र दंडाने सांगितले नाही. अमेरिकन बिल्ला डिव्हिजन सांगतो, रेजिमेंट सांगत नाही. त्यासाठी खांदापट्टीवर लावायचे मीनाकारीचे लहानसे चिन्ह पाहावे लागते, आणि युद्धकाळात धातू वाचवण्यासाठी त्यांचे उत्पादनच थांबवले असल्यामुळे ते पुष्कळदा सापडत नाही.

रंगांविषयी एक इशारा. त्या काळच्या काही फिल्मना तांबडा रंग दिसत नसे. तो छापील प्रतीत काळा उमटे आणि निळा फिकट पडे. तांबडे वर्तुळ काळे दिसले म्हणून ते काळे होते असे समजून पुस्तकात शोधत बसणाऱ्यास ते कधीच सापडणार नाही. यास्तव प्रथम बाह्यरेषा, मग आतील आकृती, आणि रंग सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा. दुसरा इशारा कारागिरीविषयी. कारखान्यातून आलेले बिल्ले एकसारखे असत. परंतु जपानमधील शिंप्यांनी रेशमात आणि जर्मनीतील कारागिरांनी जरतारीत भरून दिलेले बिल्ले शिपाई हौसेने विकत घेत. अशा भरतकामात घोड्याची मान लांबते, विजेस एखादा वळसा जास्त पडतो, पान कधी पिंपळाचे वाटू लागते. हे दोष नव्हेत. बिल्ला त्याच देशात, त्याच काळात तयार झाला याचा तो बहुधा पुरावाच असतो. उलट, नव्या कोऱ्या सुबक बिल्ल्याकडे संशयाने पाहावे, कारण अशा वस्तूंचा जगभर बाजार आहे आणि नकलांना तोटा नाही.

आणखी एक उदाहरण आपल्याकडील वाचकांस मुद्दाम सांगण्यासारखे आहे. अमेरिकेच्या ४५ व्या डिव्हिजनचा मूळ बिल्ला तांबड्या चौकोनावर पिवळे स्वस्तिक असा होता. तेथील आदिवासी लोकांचे ते मंगलचिन्ह म्हणून ते घेतले होते. जर्मनीत नाझींनी त्याची जी गत केली तीमुळे १९३९ साली ते टाकून त्या जागी वादळी पक्षी आणण्यात आला. जुन्या अमेरिकन छायाचित्रात स्वस्तिक दिसताच तो जर्मन असावा असे अनुमान करणारा किती फसेल हे यावरून ध्यानात यावे.

आता या साऱ्यात मराठी माणूस कोठे, असा प्रश्न वाचक विचारील, आणि त्याचे उत्तर पुस्तकातून नव्हे तर मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या छावणीतून द्यावे लागेल. जपानवरील अंमल केवळ अमेरिकेचा नव्हता. १९४६ च्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन आणि हिंदुस्थान यांच्या तुकड्यांची राष्ट्रकुल फौज हिरोशिमाजवळच्या कुरे बंदरात मुख्यालय करून दाखल झाली. ती आठव्या आर्मीच्या लष्करी हुकमतीखाली काम करी. मुलकी कारभार मात्र तिच्या हद्दीतही अमेरिकनांनी आपल्याच हाती ठेवला होता. या फौजेतील ब्रिटिश-हिंदी डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल कोवान होते, ज्यांनी ब्रह्मदेशात काळ्या मांजराचे चिन्ह मिरवणाऱ्या १७ व्या हिंदी डिव्हिजनचे नेतृत्व केले होते. त्यांच्या हाताखालच्या २६८ व्या हिंदी पायदळ ब्रिगेडचे प्रमुख होते ब्रिगेडियर थिमय्या, पुढे स्वतंत्र भारताचे लष्करप्रमुख झालेले. त्या ब्रिगेडच्या तीन पलटणींपैकी एक पंजाबी, एक गुरखा, आणि तिसरी मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, जिला आपल्या लष्करात जंगी पलटण म्हणतात.

वर्षभरापूर्वीपर्यंत ही पलटण इटलीत ८ व्या हिंदी डिव्हिजनमध्ये लढत होती. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठी याच पलटणीतील नामदेव जाधव या शिपायाने गाजवलेल्या शौर्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेथून निघून, युद्धाने बेचिराख झालेल्या जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम भागात ती पहाऱ्यासाठी आली. तोक्योतील सम्राटाच्या प्रासादावरील पहारा राष्ट्रकुलाच्या पलटणींकडे पाळीपाळीने येत असे. जपानमधील हिंदी तुकड्या स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्येच, मायदेशी परतल्या. म्हणजे अमेरिकन अष्टकोनाच्या आणि अळूच्या पानाच्या शेजारी, त्याच लष्करी अंमलाच्या चौकटीत, मराठी बोलणारे शिपाई रणशिंगाचे चिन्ह लावून उभे होते. ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत यावयास हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. पानिपतावर प्रकरणे खर्ची घालणाऱ्यांना दोन ओळी जड नव्हत्या.

रणशिंग, किंवा लष्करी भाषेत बिगुल, हे लाइट इन्फंट्री जातीच्या पायदळाचे जुने चिन्ह आहे. जलद चालणाऱ्या विरळ रांगांना ढोलाऐवजी बिगुलाने इशारा देत, त्यावरून ते आले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या टोपीवर ते आजही आहे, आणि हिरव्या-तांबड्या रंगाचा तुरा ही त्या रेजिमेंटची दुरून ओळखता येणारी खूण आहे. येथे अमेरिकन पद्धतीच्या नेमकी उलट स्थिती आढळते. हिंदी लष्करातील शिपायाची टोपी आणि खांद्यावरील पितळी अक्षरे त्याची रेजिमेंट मोठ्याने सांगतात, परंतु तो तिच्या कोणत्या पलटणीतला हे सहसा सांगत नाहीत. आणि दंडावरील डिव्हिजनचे चिन्ह तर पलटणीची बदली होताच बदलते. जंगी पलटणीच्या एकाच शिपायाचे १९४५ च्या इटलीतले आणि १९४६ च्या जपानमधले छायाचित्र समोर ठेवले तर टोपी तीच, दंड निराळा. तेव्हा आपल्या घरातील आजोबांच्या छायाचित्रात रेजिमेंट शोधायची असेल तर टोपीकडे पाहावे, आणि साल व स्थळ शोधायचे असेल तर दंडाकडे.

यानंतर आपण पुन्हा मराठवाड्यात येऊ. येथील चिन्हांची परंपरा १९४८ च्या बरीच मागे जाते. इंग्रजांच्या देखरेखीखाली पण निजामाच्या खर्चाने चालणारी हैदराबाद कंटिंजंट नावाची जी फौज होती तिच्या छावण्या हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, अशा आपल्याच गावांतून होत्या. हेन्री रसेल या हैदराबादच्या रेसिडेंटाने उभारलेली ब्रिगेड हा त्या फौजेचा गाभा. १९०३ साली कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली, १९२२ मध्ये तिच्या पायदळाची १९ वी हैदराबाद रेजिमेंट बनली, आणि भरती कुमाऊँच्या डोंगराळ प्रदेशातून होऊ लागल्यामुळे २७ ऑक्टोबर १९४५ पासून तिचे नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. परंतु टोपीवरचे चिन्ह राहिले ते रसेल घराण्याच्या कुलचिन्हातील पंज्यांत क्रूस धरलेल्या सिंहाचेच. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमधील बडगाम येथे धारातीर्थी पडलेले आणि पहिल्या परमवीरचक्राचे मानकरी ठरलेले मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटचे. म्हणजे हिमालयाच्या पायथ्याशी लढलेल्या त्या वीराच्या पलटणीचे चिन्ह मुळात हैदराबाद दरबारातील एका इंग्रज रेसिडेंटाच्या घराण्याचे. नाव बदलते, प्रांत बदलतो, शिपाई बदलतो, पण पितळेचा साचा एकदा पडला की तो सहजासहजी मोडत नाही. घोडदळातील डेक्कन हॉर्सचा उगमही याच कंटिंजंटच्या रिसाल्यांत आहे.

सप्टेंबर १९४८ च्या मोहिमेत सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आलेल्या मुख्य फौजेचे नेतृत्व मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्याकडे होते. ते पहिल्या चिलखती डिव्हिजनचे सेनापती. तिचे चिन्ह हत्ती, आणि म्हणूनच आज ती ऐरावत डिव्हिजन या नावाने ओळखली जाते. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली, दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती एल एद्रूस यांनी चौधुरींपुढे शस्त्रे खाली ठेवली, आणि चौधुरी लष्करी गव्हर्नर म्हणून १९४९ च्या डिसेंबरपर्यंत हैदराबादचा कारभार पाहत राहिले. त्या सव्वा वर्षात तालुक्याच्या गावी, रेल्वे स्थानकावर, कचेरीच्या पायरीवर लष्करी अधिकाऱ्यांबरोबर गावकऱ्यांनी काढवून घेतलेली जी छायाचित्रे आज जुन्या पेट्यांतून निघतात, त्यांत एक गोष्ट पाहणाऱ्यास बुचकळ्यात टाकते. देश स्वतंत्र होऊन वर्ष उलटले तरी मेजराच्या खांद्यावर इंग्रज राजाचा मुकुट आहे!

यात घोटाळा काही नाही. १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० या काळात भारत हे स्वतंत्र असले तरी राजमुकुटाखालचे अधिराज्य होते आणि लष्करी चिन्हांत मुकुट कायम होता. प्रजासत्ताकाच्या दिवसापासून मुकुटाच्या जागी अशोकाची सिंहमुद्रा आली, आणि खांद्यावरील तारेही इंग्रजी सरदारकीच्या नमुन्याऐवजी पाच टोकांचे झाले. म्हणून लष्करी गव्हर्नरच्या काळातील छायाचित्रात मुकुट असणे हेच योग्य. सिंह दिसला तर छायाचित्र लष्करी अंमलानंतर आलेल्या वेलोडी मंत्रिमंडळाच्या किंवा त्यानंतरच्या काळातले. मुक्तिसंग्रामाच्या प्रदर्शनांतून आणि स्मरणिकांतून सिंहमुद्रा असलेला गणवेश घातलेल्या अधिकाऱ्याखाली १९४८ हे साल छापलेले आढळावे, ही गोष्ट खपवून घेण्यासारखी नाही. संपादकांनी खांद्याकडे एकदा भिंग धरले असते तरी पुरे होते. हुद्द्यांच्या बाबतीतही अशीच एक खूण आहे: जमादार हा हुद्दा १९६५ साली नायब सुभेदार झाला, तेव्हा मागच्या बाजूस शाईने लिहिलेल्या मजकुरात जमादार असा शब्द असेल तर तो मजकूर बहुधा त्याआधी लिहिला गेला आहे.

या विद्येच्या मर्यादाही आहेत. बिल्ला तुकडी सांगतो, माणूस सांगत नाही. त्याच बिल्ल्याखाली हजारो जण उभे होते. उसना कोट घालून छायाचित्र काढवून घेण्याची रीत सर्व सैन्यांत होती, आणि फोटोग्राफरच्या दुकानात खुंटीला टांगलेला एखादा कोट किती जणांच्या अंगाखाली गेला असेल याची गणती नाही. सुट्या बिल्ल्यावरून तर काहीच ठरत नाही, कारण तो मित्राने दिलेला, विकत घेतलेला किंवा शत्रूच्या अंगावरून काढलेला असू शकतो. छायाचित्र, बिल्ला आणि कागद या तिन्हींची साक्ष जुळली तरच निकाल द्यावा, आणि दोघांचीच जुळली तर तसे लिहून ठेवावे.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील ज्या घरांत लष्करात गेलेल्या पूर्वजाचे छायाचित्र, कोट अथवा पेटी असेल त्यांना माझी विनंती आहे की कोटावरचे बिल्ले उसवून वेगळे ठेवू नयेत, पितळ लखलखीत करण्याच्या नादात अक्षरे झिजवू नयेत, आणि छायाचित्राच्या मागे साध्या पेन्सिलीने त्या व्यक्तीचे नाव, गाव व ठाऊक असेल ते साल आजच लिहून ठेवावे. ज्यांना ते ठाऊक आहे ती माणसे आता थोडीच उरली आहेत. सेवामुक्तीच्या कागदावर शिपायाचा जो नंबर असतो तो सर्वांत मोलाचा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी केल्यास संबंधित रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाचा पत्ता मिळतो, आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या बाबतीत तो बेळगावचा आहे. अर्जात नाव, हुद्दा, नंबर, भरतीचे साल आणि मूळ गाव एवढे लिहावे, आणि सोबत छायाचित्राची प्रत जोडावी. मूळ छायाचित्र कधीही पाठवू नये.